नोंद कोणासाठी?





गेल्या सभेत आपल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हास एक प्रश्न विचारला. बालवर्गातील ज्या मुलांना ऐकण्याची, बोलण्याची, चालण्याची किंवा समजण्याची अडचण आहे, त्यांच्या तपासण्यांच्या व उपचारांच्या नोंदी संगणकावर ठेवण्यासाठी आम्ही थोड्या रकमेची मागणी केली होती. ते म्हणाले, "मुले किती? बोटांवर मोजण्याइतकी. शंभर पानी वही पुरते. संगणक कशाला?" सभेत वेळ कमी होता, आणि खरे सांगायचे तर आमच्याजवळ उत्तरही तयार नव्हते. घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी आमची एक चूक सांगावी लागेल. ती या अंकात सर्वांसमोर सांगावी असे ठरविले.

आमचे बालपण बुऱ्हाणपुरास गेले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून. स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची आमची खोड तिकडचीच. तो मोठेपणा नव्हे, 'हम'ची सवय आहे. तापी बुऱ्हाणपुरावरून वाहत सुरतेस येते, तिच्या मागोमाग आम्हीही आलो. मराठी शाळेत नोकरी लागली तेव्हा आमची पहिली गाठ पडली ती कागदांशी. आम्ही ज्यास 'प्रपत्र' म्हणत होतो त्यास कचेरीत 'पत्रक' म्हणत आणि शिक्षकांच्या खोलीत 'फॉर्म'. आम्ही तिन्ही शब्द शिकलो. कागद म्हणजे काय, हे शिकायला मात्र बराच काळ लागला.

ऑगस्ट २००६ चा पूर जुन्या पालकांना आठवत असेल. उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावेना आणि ते शहरात शिरले. आपल्या शाळेच्या तळमजल्यावरील कपाटात जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके आणि बालवर्गाच्या वह्या होत्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तर आत चिखलाचा लगदा होता. आम्ही पाने वेगळी करून दोरीवर वाळत घातली. शाई मात्र केव्हाच वाहून गेली होती.

त्या वर्षी बालवर्गात एक मुलगा होता. जन्मतः त्याची पावले आत वळलेली होती. अशा बाळाच्या पायांना दर आठवड्याला थोडे थोडे सरळ करून नवे प्लास्टर घालतात आणि पाय सरळ झाल्यावर चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपताना पट्टीने जोडलेले बूट घालावे लागतात. बूट सुटले की पाय पुन्हा वळू शकतात. पुरात ते बूट वाहून गेले. नव्या डॉक्टरांनी विचारले, किती प्लास्टरे झाली, बूट केव्हापासून, शेवटचे माप काय? शाळेच्या वहीत त्याची नोंद होती, पण वहीच उरली नव्हती. त्याच्या आईने मात्र वरच्या मजल्यावर जाताना दोनच गोष्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेल्या होत्या, रेशनकार्ड आणि मुलाची फाईल. शाळेचे कपाट बुडाले, तिची पिशवी कोरडी राहिली. डॉक्टरांना सुरुवातीपासून सुरुवात करावी लागली नाही.

ही गोष्ट आम्ही अनेकदा कौतुकाने सांगितली, पण तिचा अर्थ चुकीचा लावला. कागद भिजतो, संगणक भिजत नाही, तेव्हा सर्व काही संगणकावर घ्यावे, एवढाच बोध आम्ही घेतला.

शाळेत संगणक आला तेव्हा बालवर्गाची जबाबदारी आमच्याकडे होती. उत्साह दांडगा होता. २०११ साली आम्ही बालवर्गातील सर्व मुलांची यादी संगणकावर केली. त्यात 'अडचण' असा एक रकाना ठेवला. टंकलेखन कोण करणार? नववीतील दोन हुशार विद्यार्थ्यांना बसवले आणि त्याचा आम्हाला अभिमानही वाटला.

त्या वर्गात एक मुलगी होती. हाक मारली तर ओ देत नसे. गाणी म्हणताना नुसते ओठ हलवी. सांगितलेले एक, करी दुसरेच. आम्ही चार-सहा दिवस पाहिले आणि त्या रकान्यात 'मतिमंद' असा शब्द घातला. डॉक्टरांचा कागद नव्हता, तपासणी नव्हती, आईला विचारलेही नव्हते. रकाना रिकामा राहू नये म्हणून आम्ही तो भरला.

पुढच्या वर्षी यादी नव्याने करण्याऐवजी जुन्या यादीची नक्कल झाली आणि 'मागील वर्षाप्रमाणे' असा शेरा पडला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. वहीतले अक्षर निदान फिकट तरी होते. संगणकातले अक्षर पहिल्या दिवसाइतकेच ठसठशीत राहते. पहिलीच्या बाईंनी तो शब्द वाचला आणि तिला शेवटच्या बाकावर बसवले, कारण तिच्याकडून फारशी अपेक्षाच नव्हती. दुसरीच्या बाईंनीही तसेच केले. ज्यांनी यादी टंकली त्यांच्यापैकी एक जण तिच्याच गल्लीत राहत होता. मूल ते मूल; त्याने घरी सांगितले. गल्लीत तिला तेच नाव पडले.

२०१४ साली शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. त्यातील डॉक्टर बाईंनी तिच्या पाठीमागे उभे राहून हलकेच टाळी वाजवली. तिने वळून पाहिले नाही. मग जोरात वाजवली, तेव्हा पाहिले. रुग्णालयात तपासणी झाली आणि दोन्ही कानांनी कमी ऐकू येते असे निष्पन्न झाले. तिची बुद्धी अगदी ठीक होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत. फरक इतकाच की आम्ही औषधही दिले नव्हते, नुसते नाव दिले होते.

तिची आई शाळेत आली. खानदेशातून लग्न होऊन आलेली, साडीवर टिकल्या लावण्याचे काम घरी करणारी बाई. आम्हास वाटले, ती भांडेल. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, इतला वरीस ते कॉम्प्युटरमा व्हतं, पन माले कोनी दखाडं नही."

या वाक्यास आमच्याजवळ आजही उत्तर नाही. लहानपणीच्या कमी ऐकण्याबाबत डॉक्टर मंडळी जगभर एक साधा हिशेब सांगतात : बाळ एक महिन्याचे होईपर्यंत कानांची पहिली चाचणी, तीन महिन्यांपर्यंत पक्के निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचाराची सुरुवात. कारण भाषा कानातून मेंदूत जाते आणि तिचे दार पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त उघडे असते. त्या मुलीला श्रवणयंत्र मिळाले ते सातव्या वर्षी. बालवर्गात येण्याआधीची वर्षे आमच्या हातात नव्हती. नंतरची तीन होती. ती तीन वर्षे आमच्या एका शब्दाने खाल्ली.

आता विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाकडे येतो. वही पुरते का? आमचे उत्तर असे की, एकट्या शाळेचा प्रश्न असता तर पुरली असती. पण अशा मुलाची फाईल आज अनेक दारांतून फिरते, आणि त्यातील बहुतेक दारांत संगणक आहे.

पालकांना ही दारे ठाऊक असावीत म्हणून थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा तपासणीस येतात. जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि वाढीतील विलंब व अपंगत्व, अशा चार गोष्टी ती पाहतात आणि गरज असेल त्या मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. अंगणवाडीताईंच्या मोबाईलवर २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती ठरवून दिली. मुलातील अडचण लवकर ओळखणे, त्यास इतर मुलांबरोबर सामावून घेणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे, या तिच्या तीन पायऱ्या. शाळेतील शिक्षकांसाठी एन.सी.ई.आर.टी.ने २०२२ साली 'प्रशस्त' नावाची प्रश्नावली आणि मोबाईल ॲप काढले. हे प्रमाणपत्र नव्हे, केवळ पहिली चाळणी आहे. वर्गशिक्षकाने काय पाहिले ते नोंदवायचे, पुढचे काम तज्ज्ञांचे. २०११ साली आमच्यासमोर अशी प्रश्नावली असती, तर 'पाठीमागून हाक मारल्यास प्रतिसाद देतो का?' हा प्रश्न कदाचित आमच्याही मनात आला असता.

प्रमाणपत्राचे दार वेगळे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि त्यात २१ प्रकार धरले गेले. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे अशा मुलांना ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. १ जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र यू.डी.आय.डी. या संकेतस्थळावरूनच मिळते आणि ते देशभर चालते. आपल्या समाजासाठी ही फार मोठी सोय आहे. आपल्यातील कितीतरी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोलीस राहतात, पण दिवाळीत आणि मे महिन्यात भुसावळकडच्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावास जातात. काहींची मुले वर्ष-दोन वर्षे आजीकडेच राहतात. पूर्वी महाराष्ट्राची प्रमाणपत्रे तेथील वेगळ्या संगणक प्रणालीवर निघत, गुजरातची वेगळी, आणि कचेरीत खेटे घालता घालता मूल मोठे होई.

मग आता सर्व सुरळीत आहे का? नाही. प्रत्येक दाराचा नंबर वेगळा आहे. अंगणवाडीची नोंद वेगळी, रुग्णालयाचा केस पेपर वेगळा, यू.डी.आय.डी.चा आकडा वेगळा, शाळेचा वेगळा. आणि या सर्वांत अडते कोठे, तर नावात. महाराष्ट्रात आधी मुलाचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. सुरतेच्या कचेरीत आडनाव पहिले, आणि वडिलांच्या नावास प्रेमाने 'भाई' जोडलेले. माणसाला कळते की संजय पाटील आणि पाटील संजयभाई हे एकच गृहस्थ. संगणकाला ते दोन वाटतात. एका मुलाचे चार कागद आम्ही जुळवायला बसलो तर चार वेगळी नावे निघाली आणि जन्मतारखा दोन. त्यात त्याचा एक महिना गेला. तीन वर्षांच्या मुलाच्या बोलण्याच्या उपचारात एक महिना म्हणजे काय, हे त्याच्या आईला विचारावे.

या सर्वांतून आम्ही बालवर्गासाठी काही नियम केले आहेत.

पहिला नियम : निदानाचा शब्द शिक्षक लिहिणार नाही. मूल काय करते तेच लिहायचे. 'मंद आहे' असे नाही. 'पाठीमागून हाक मारल्यास पाहत नाही, समोरून बोलल्यास कळते' असे. सोबत तारीख आणि पाहणाऱ्या शिक्षकाचे नाव. निदान डॉक्टर लिहितील, आणि त्यांचा कागद असेल तरच ते संगणकात जाईल.

दुसरा नियम : 'मागील वर्षाप्रमाणे' हा शेरा बंद. दर सत्रास मूल नव्याने पाहायचे. मुले वाढतात, नोंद मात्र आहे तेथेच बसून राहते.

तिसरा नियम : प्रत्येक नोंदीस 'पुढची तारीख' हवी. मुलास कोठे पाठविले, केव्हा, तेथे ते पोहोचले का, पुन्हा केव्हा जायचे. हा रकाना रिकामा असेल तर नोंद अपुरी समजावी. संगणकाचा खरा उपयोग आम्हास येथे दिसतो. वहीत कोणाची तारीख टळली ते शोधण्यास सर्व पाने चाळावी लागतात. संगणकावर ती मुले आपोआप वर येतात.

चौथा नियम : ही यादी विद्यार्थ्यांकडून टंकून घेतली जाणार नाही, सूचना फलकावर लागणार नाही, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर जाणार नाही. संकेतशब्द दोघांकडेच राहील. २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानेही मुलाची माहिती घेताना पालकांच्या संमतीचे तत्त्व मानले आहे. आम्हास ते तत्त्व शिकविणारी बाई त्याच्या कितीतरी आधी भेटली होती.

पाचवा नियम, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : दर सत्रास पालकांना शाळेत बोलावून त्यांच्या मुलाचे पान दाखवायचे, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचे, चूक असेल तर त्यांच्यासमोर दुरुस्त करायची, आणि छापील प्रत त्यांच्या हातात द्यायची. मूल शाळा सोडून गावी गेले तर ती प्रत त्याच्याबरोबर जाईल. संगणकाची एक नक्कल वेगळ्या ठिकाणी राहीलच, कारण पूर आम्ही विसरलेलो नाही. पण निरनिराळ्या नंबरांना जोडणारा धागा म्हणजे आई-वडिलांच्या हातातली पिशवीच होय. २००६ साली त्या माउलीने हेच दाखवून दिले होते; आम्ही कोरड्या कागदाकडे पाहिले, तो जपणारे हात पाहायचे राहून गेले.

विश्वस्त मंडळास नम्रपणे सांगावेसे वाटते की, ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे अर्धे खरे होते. यासाठी नवा, महागडा संगणक लागत नाही. कार्यालयातील जुना संगणक चालेल आणि आमची रकमेची मागणी आम्ही मागे घेतो. त्याऐवजी दुसरी मागणी करतो. बालवर्गाच्या बाईंना दर शनिवारी एक तास मोकळा द्यावा. त्या तासात त्या पुढच्या तारखा पाहतील, चुकलेल्या पालकांना फोन करतील आणि नोंदी पुऱ्या करतील. संगणक तारीख दाखवितो, "काल मुलीला घेऊन गेला होतात का?" असे विचारायला माणूसच लागतो. हा तास देताना एक बदली शिक्षिका लागेल, तिचे मानधन लागेल, हे आम्ही जाणतो. मुले बोटांवर मोजण्याइतकी आहेत हेही खरे. पण ती बोटे आपल्याच हाताची आहेत.

पालकांना एक विनंती. मूल उशिरा बोलले तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" असे म्हणून थांबू नका. तपासणीत काही निघाले नाही तर आनंदच आहे. आणि काही निघाले तर ते लपवून मूल शाळेत पाठवू नका. आम्हास आधी कळले तर आम्ही त्यास पहिल्या बाकावर बसवू. एकच काळजी घ्या : जन्मदाखल्यावर जसे नाव आहे तसेच प्रत्येक कागदावर लिहवून घ्या, 'भाई' असेल तर सगळीकडे 'भाई', नसेल तर कोठेच नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याशीही दोन शब्द. वर्गातील कोणाचा कागद तुमच्या दृष्टीस पडला तर तो जागच्या जागी ठेवा आणि जे वाचले ते तेथेच विसरा. नाव पाडायला एक दिवस पुरतो, पुसायला वर्षे लागतात. जिच्याबद्दल वर लिहिले तिच्याशी गल्लीतल्या मुली पुढे समोर उभे राहून, सावकाश बोलू लागल्या. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. मध्यंतरी एका दाखल्यासाठी ती आईबरोबर शाळेत आली होती. आम्ही तिला तिचे पान दाखविले. जुना शब्द आम्ही खोडलेला आहे. खाली तपासणीची तारीख आणि आमची सही आहे. तिने ते सावकाश वाचले. आम्ही क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, फक्त आईकडे पाहून प्रत मागितली. आईने ती घडी न घालता पिशवीत ठेवली.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी बालवर्गातील पालकांनी शाळेत अवश्य यावे. जन्मदाखला, ममता कार्ड आणि रुग्णालयाचे असतील नसतील ते सर्व कागद बरोबर आणावेत. नीट लावलेले नसले तरी चालेल. पिशवीत असतील तसे आणा, आपण मिळून लावू.

आपला नम्र,
मुख्याध्यापक